जुना टेप कॅमकॉर्डर चालत नाही? कॅसेट न गमावता दोष शोधण्याची पद्धत

१९९६ साली बाबा मस्कतहून सुट्टीवर आले ते हाय-८ हँडीकॅम घेऊन. पुढची दहा वर्षं आमच्या घरातला एकही गणपती, एकही बारसं त्याच्याशिवाय झालं नाही. एकूण तेवीस कॅसेट जमल्या आणि मग कपाटात गेल्या. पुष्कळ वर्षांनी त्या बघायला काढल्या तेव्हा कॅमेरा सुरूच होईना. मला धीर नव्हता. जुन्या बाजारातून दुसरा कॅमेरा आणला आणि घरी येताच त्यात चुलतभावाच्या मुंजीची कॅसेट घातली. दोन सेकंद मांडव दिसला, मग आतून करकर आवाज आला आणि चित्र गेलं. झाकण उघडलं तर तपकिरी फितीचा वेटोळा बाहेर लोंबत होता, सुरकुतलेला, कडेला दुमडलेला. मातृभोजनाचा भाग त्यात गेला. त्या पंगतीत माझी आजी होती.

हे तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून हे सगळं लिहीत आहे. कॅमेरा दुसरा मिळतो, कॅसेट मिळत नाही. खाली दिलेला क्रम याच हिशेबाने लावला आहे, तेव्हा पायऱ्या गाळू नका. घरची कॅसेट कॅमेऱ्यात जाते ती सर्वांत शेवटी.

१. आधी कॅसेट कुठल्या जातीची आहे ते ओळखा

भारतातल्या घरांत मुख्यतः तीन आकारांच्या कॅसेट सापडतात.

व्हीएचएस-सी: आत अर्धा इंच रुंदीची फीत, म्हणजे मोठ्या व्हीएचएस कॅसेटमध्ये असते तीच. ही अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरवर चालते.

८ मिमी: ऑडिओ कॅसेटपेक्षा थोडी लहान, पण जाड. यात तीन प्रकार आहेत: १९८५ पासूनचं व्हिडिओ८, १९८९ पासूनचं हाय-८ आणि १९९९ पासूनचं डिजिटल८. बाहेरून तिन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात आणि खरा गोंधळ इथेच होतो. डिजिटल८ चं रेकॉर्डिंग हाय-८ कॅसेटवरच व्हायचं. त्यामुळे कॅसेटवर ‘हाय-८’ छापलेलं असलं तरी आतलं चित्रण डिजिटल८ चं असू शकतं, आणि ते हाय-८ कॅमेऱ्यात अजिबात दिसत नाही. कॅसेट कोरी समजून लोक त्यावर नवं शूटिंग करून मोकळे होतात.

मिनीडीव्ही: काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, फीत पाव इंची. ही १९९५ पासूनची. एचडीव्हीचं, म्हणजे हाय डेफिनिशनचं चित्रणही याच कॅसेटवर होतं, पण ते बघायला एचडीव्ही कॅमेराच लागतो.

सापळा: ‘८ मिमी कॅसेट व्हीसीआरवर चालवायचा अडॅप्टर’ असं कुणी विकत असेल तर घेऊ नका. फितीची रुंदीच वेगळी असल्यामुळे तसा अडॅप्टर बनूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट, विशेषतः अमेरिकेतल्या काका-मावशीने पाठवलेल्या कॅसेटबद्दल. तिकडची टीव्ही-चित्राची पद्धत एनटीएससी, आपली पाल. एनटीएससी कॅसेट पाल कॅमेऱ्यात घातली की चित्र नाचतं, रंग जातो किंवा काहीच दिसत नाही, आणि आपण कॅमेऱ्याला दोष देतो. काही पाल कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘एनटीएससी पीबी’ असा पर्याय असतो, तो आधी बघा. ८ मिमी कॅसेटवर ‘पी५’ छापलेलं असेल तर तिची लांबी पालच्या हिशेबाने मोजलेली, ‘पी६’ असेल तर एनटीएससीच्या. आतलं रेकॉर्डिंग कुठलं आहे याचा हा पुरावा नव्हे, पण अंदाज बांधायला उपयोग होतो.

२. हाताशी काय लागेल

– कॅमेऱ्याचा मूळ अडॅप्टर, किंवा अगदी त्याच व्होल्टेजचा, तेवढाच किंवा जास्त करंट देणारा
– त्याच जातीच्या दोन फालतू कॅसेट: एक कोरी आणि एक कुणाचं तरी जुनं, बिनमहत्त्वाचं चित्रण असलेली
– कोरडी हेड क्लीनिंग कॅसेट, त्याच आकाराची (हेड म्हणजे फितीवर चित्र लिहिणारं आणि वाचणारं बारीक टोक)
– ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतं
– शॅमॉय चामड्याचे स्वॉब, म्हणजे पुसायच्या काड्या. ते नसतील तर कोऱ्या, गुळगुळीत झेरॉक्स कागदाच्या बोटभर पट्ट्या
– लहान स्क्रूड्रायव्हरचा संच, टॉर्च, भिंग
– कॅमेऱ्याची एव्ही केबल
– मॉडेल नंबर टाकून डाउनलोड केलेलं माहितीपुस्तक. हे शक्यतो टाळू नका. निम्म्या तक्रारींची उत्तरं त्याच्या शेवटच्या पानांत असतात

औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, घड्याळवाल्याकडचं पेट्रोल यातलं काहीही हेडला लावू नका.

३. विजेचा प्रश्न वेगळा काढा

वीस वर्षं पडून असलेली बॅटरी मेलेलीच धरा. फुगलेली असेल तर ती लावूच नका. पहिली चाचणी थेट अडॅप्टरवर करा.

सोनीच्या पुष्कळ हँडीकॅमना ८.४ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण सगळ्यांना नाही. कॅमेऱ्याच्या बुडावर किंवा सॉकेटजवळ लिहिलेलं वाचा. घरातल्या राऊटरची पिन बसते म्हणून ती लावू नका; पिन बसली तरी व्होल्टेज आणि प्लस-मायनस जुळतीलच असं नाही. कॅमेऱ्याला एनपी-एफ जातीची बॅटरी लागत असेल तर तुमचं नशीब चांगलं. लग्नाच्या फोटोग्राफरांचे एलईडी दिवे अजून त्याच बॅटऱ्यांवर चालतात, त्यामुळे फोटोच्या दुकानात त्या नव्या मिळतात.

अडॅप्टर लावूनही कॅमेरा मेल्यासारखा असेल तर झाकणाजवळ नाक नेऊन वास घ्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला बनलेल्या अनेक कॅमेऱ्यांत बारीक कपॅसिटर गळतात आणि त्यातलं रसायन बोर्डावर पसरतं. त्याला सुकटासारखा वास येतो. कोकणातल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल. तो वास आला तर पुढे काही करू नका. तो बोर्ड सोल्डरिंग जाणणाऱ्या माणसाचं काम आहे.

दर वेळी तारीख पुसली जात असेल तर घाबरू नका. आतली बटणासारखी बॅटरी उतरलेली असते. पुष्कळ मॉडेलांत कॅमेरा बंद ठेवून अडॅप्टरला २४ तास जोडला की ती पुन्हा भरते; काहींत छोट्या झाकणाखाली बदलता येणारा सेल असतो.

कॅमेरा चालू ठेवला आणि दहा मिनिटांनी पडद्यावर भलतेच रंग आणि अक्षरं नाचू लागली, तर तो बिघाड नाही. कॅसेट आत नसली की हँडीकॅम दुकानातला डेमो सुरू करतो. मेनूतून बंद करा.

४. कॅसेट हातात घेऊन नीट बघा

उजेडात धरा आणि खिडकीतून आतल्या गुंडाळीकडे बघा. निरोगी फितीची कड गुळगुळीत, काळसर आणि एकसारखी चमकणारी दिसते. त्यावर पांढरे ठिपके, लोकरीसारखे धागे किंवा राखाडी थर दिसला तर ती बुरशी. आमच्या तेवीसपैकी चार कॅसेटना ती लागली होती. चारही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कप्प्यात होत्या, जिथे पावसाळ्यात ओल यायची. बुरशीची कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका, रिवाइंडसुद्धा करू नका. बुरशी हेडला चिकटते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तिला वेगळ्या डब्यात ठेवा. तिची सफाई जाणकाराकडूनच करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे: रेकॉर्डिंगचं कुलूप लावा. मिनीडीव्हीच्या मागच्या कडेला छोटा खटका असतो, तो ‘सेव्ह’कडे सरकवा. ८ मिमी कॅसेटचा खटका लाल खूण दिसेल असा करा. व्हीएचएस-सीची पट्टी काढलेली किंवा सरकवलेली असावी. जुन्या कॅमेऱ्यांचे स्विच सैल झालेले असतात. ‘प्लेअर’वर लावलेला स्विच घसरून ‘कॅमेरा’वर जातो आणि बोट लाल बटणावर पडलं की जुन्या वाढदिवसावर तुमच्या बैठकीच्या खोलीचं छत रेकॉर्ड होतं. घरातल्या सगळ्या कॅसेटची कुलपं एकाच बैठकीत लावून टाका.

एसीच्या खोलीतून किंवा प्रवासातून आलेली कॅसेट आणि कॅमेरा दोन-तीन तास एकाच खोलीत ठेवा, मग पुढे जा.

५. फालतू कॅसेटवर पहिली चाचणी

झाकण उघडा, चित्रण असलेली फालतू कॅसेट घाला आणि फक्त ‘पुश’ लिहिलेल्या जागी दाबा. आतला कप्पा स्वतःहून खाली जाईपर्यंत थांबा, बाहेरचं झाकण त्यानंतर लावा. दोन्ही एकदम ढकलल्यामुळे पुष्कळ कॅमेऱ्यांचे कप्पे वाकडे झालेत. काही मॉडेलांचं झाकण खालून उघडतं, तिथे ट्रायपॉडची पट्टी लावलेली असेल तर कप्पा अर्धाच उघडतो आणि कॅसेट अडकल्यासारखी वाटते. आधी पट्टी काढा.

आता कान द्या. कॅसेट आत गेल्यावर फीत बाहेर ओढली जाते आणि ड्रमभोवती, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याभोवती, गुंडाळली जाते. मऊ घरघर आणि मग सतत चालणारा बारीक भुंगा, एवढाच आवाज असावा. टकटक, दात घसरल्यासारखा आवाज किंवा किंचाळी ऐकू आली की लगेच स्टॉप आणि इजेक्ट.

पाच मिनिटं प्ले, मग फास्ट फॉरवर्ड, मग रिवाइंड. कॅसेट काढून तिची पुढची फळी हलकेच उचला आणि भिंगाखाली फितीची कड बघा. कड नागमोडी झाली असेल किंवा आडवी रेघ उमटली असेल तर फीत पुढे ओढणारा रबराचा पिंच रोलर कडक झालाय किंवा मार्गदर्शक खुंटी सरकली आहे. अशा कॅमेऱ्यात घरची कॅसेट जाता कामा नये. मी त्या दिवशी फक्त एवढं केलं असतं तर मुंजीची कॅसेट शाबूत राहिली असती.

६. दोष कॅमेऱ्याचा की कॅसेटचा: दोन कॅसेटांची परीक्षा

पडद्यावर मुंग्या येतात, चौकोन फुटतात, निळा पडदा दिसतो. पण याला जबाबदार कोण? तर्काने शोधा. कोऱ्या कॅसेटवर दोन मिनिटं घड्याळाच्या काट्याचं चित्रण करा, बोलत राहा, म्हणजे आवाजही तपासला जाईल. मग ते चित्रण आणि जुनी फालतू कॅसेट, दोन्ही त्याच कॅमेऱ्यात लावा.

दोन्ही खराब दिसल्या: हेड मळलेलं. सर्वांत जास्त वेळा हेच निघतं. थेट सातव्या पायरीवर जा.

जुनी छान, नवी खराब: प्लेबॅक ठीक आहे, रेकॉर्डिंगची बाजू कमजोर. हेड झिजलं की बऱ्याचदा आधी रेकॉर्डिंग जातं. तुम्हाला जुन्या कॅसेट उतरवून घ्यायच्या असतील तर हा कॅमेरा अजून कामाचा आहे.

नवी छान, जुनी खराब: कॅमेऱ्याला स्वतःचं लिहिलेलं वाचता येतं, दुसऱ्याचं नाही. याचा अर्थ फितीचा मार्ग किंचित सरकलाय, किंवा ती जुनी कॅसेटच खराब आहे. तिसरी कॅसेट लावून ठरवा.

शेवटच्या प्रकाराबद्दल थोडं सांगायला हवं. मिनीडीव्हीचा ड्रम मिनिटाला ९,००० फेरे मारतो आणि फितीवर तिरक्या रेघा ओढत जातो. एका रेघेची रुंदी १० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत सहा-सात रेघा मावतात. एलपीवर, म्हणजे फीत हळू चालवून जास्त वेळ मावेल अशा ‘लाँग प्ले’ पद्धतीने, चित्रण केलं असेल तर ती रुंदी ६.७ मायक्रॉनवर येते. म्हणूनच साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं मावतात, आणि म्हणूनच एलपीची कॅसेट बऱ्याचदा ज्या कॅमेऱ्याने ती लिहिली त्यातच चालते. मूळ कॅमेरा बंद पडला म्हणून भंगारात देऊ नका. एलपीच्या कॅसेटसाठी त्याची दुरुस्ती करून घेणं हाच कधीकधी एकमेव मार्ग उरतो.

चित्र बघूनही बरंच कळतं. हाय-८ मध्ये सगळीकडे मुंग्या म्हणजे दोन्ही हेड बुजलेली. चित्र आहे पण त्यावर मुंग्यांची भरभर लुकलुक चालू आहे, तर एक. मिनीडीव्हीत चित्राचे एकाआड एक आडवे पट्टे गोठलेले दिसतात तेव्हा एक हेड बंद असतं: पाल चित्राची एक चौकट बारा रेघांत लिहिलेली असते, त्यातल्या सहा मिळत नाहीत. पट्टे नसून इथेतिथे सुटे चौकोन उडत असतील तर दोष बहुधा फितीचा. हाय-८ वर क्षणभर चमकून जाणाऱ्या पांढऱ्या बारीक रेघा हाही फितीचाच दोष, आणि त्या सहन करायच्या. मुंग्यांचा जाड पट्टा चित्राच्या फक्त वर किंवा फक्त खाली ठाण मांडून बसला असेल तर फितीचा मार्ग सरकलाय. फितीला वाट दाखवणाऱ्या खुंट्या घरी फिरवू नका.

७. हेड साफ करणं

आधी क्लीनिंग कॅसेट. घाला, प्ले दाबा, दहा सेकंद मोजा, स्टॉप, इजेक्ट. रिवाइंड करायची नाही, कारण वापरून झालेला भाग मळलेला असतो. फरक पडला नाही तर पुन्हा एकदा, फार तर तिसऱ्यांदा. ती फीत थोडी खरखरीत असते, हेडही घासते. बरं वाटेना म्हणून अर्धा तास चालवत बसलात तर बुजलेलं हेड झिजलेलं होईल.

त्याने भागलं नाही तर हाताने. यासाठी वेळ काढा, पंखा बंद करा, टेबलावर पांढरं कापड घाला.

कॅसेटचं झाकण वीज असतानाच उघडतं, म्हणून आधी झाकण उघडा आणि मग अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढा. आत आरशासारखा चकचकीत, किंचित कललेला धातूचा ड्रम दिसेल. टॉर्च तिरका धरला की त्याच्या कडेला बारीक खाचा दिसतात, आणि प्रत्येक खाचेत तिळाहून लहान काळसर टोक. तेच हेड. जेमतेम बाहेर आलेलं असतं आणि काचेसारखं ठिसूळ. कापसाची काडी इथे चालत नाही, तिचा एक तंतू अडकला तरी टोक तुटतं.

स्वॉब किंवा कागदाची पट्टी आयपीएत भिजवा, जास्तीचं निथळू द्या, ड्रमला हलकी टेकवून स्थिर धरा. दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रम वरच्या कडेला धरून हळूहळू फिरवा. फिरतो तो ड्रम. स्वॉब जागचा हलत नाही. वरखाली तर अजिबात नाही, टोक त्याच दिशेने मोडतं. पाच-सहा फेरे झाले की पट्टी उचलून बघा. आमच्या हाय-८ च्या पहिल्या पट्टीवर पेन्सिलने ओढावी तशी तपकिरी रेघ उमटली होती, तिसरीवर काहीच नव्हतं. चमकत्या पृष्ठभागाला बोट लावू नका, त्वचेचं तेल तिथे राहतं.

शेजारची धातूची बारीक दांडी आणि तिला टेकणारा रबरी रोलर मात्र कापसाच्या काडीने पुसायला हरकत नाही. सगळं पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. मग पुन्हा फालतू कॅसेट, आणि पुन्हा सहावी पायरी.

८. दव, अडकलेली कॅसेट आणि पडद्यावरचे कोड

सोनीच्या कॅमेऱ्यांवर कोड येतात. ‘सी:०४’ म्हणजे बॅटरी त्या कॅमेऱ्याला चालणारी नाही. ‘सी:२१’ म्हणजे आत दव धरलंय: कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवून तासभर थांबा. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात मी सरळ रात्रभर ठेवते, शेजारी सिलिका जेलची पुडी. हेअर ड्रायर नको. ‘सी:२२’ म्हणजे हेड साफ करा. ‘सी:३१’ आणि ‘सी:३२’ हे यंत्रणेचे अडथळे: वीज काढा, काही मिनिटांनी जोडा, कॅसेट बाहेर काढून बघा. तरी तोच कोड येत राहिला तर एखादा दाता, मोटर किंवा ड्रमच अडला आहे. ‘ई:६१’, ‘ई:६२’ आले तर दुरुस्तीवाल्याकडेच जा. इतर कंपन्यांची चिन्हं वेगळी, पण पाण्याच्या थेंबाचं चिन्ह दिसलं की दव, हे बहुतेक सगळीकडे सारखं.

कॅसेट अडकली तर ओढायची नाही, स्क्रूड्रायव्हरने कप्पा उचकटायचा नाही. बॅटरी उतरल्यामुळेही इजेक्ट अर्ध्यावर थांबतं, म्हणून आधी अडॅप्टर लावून पुन्हा दाबा. कप्पा वर आला पण फीत आत गुंतली असेल तर वीज बंद करा, फीत ड्रमवरून बोथट लाकडी काडीने अलगद सोडवा आणि कॅसेटची चकती बोटाने फिरवून ती आत ओढून घ्या. तिथे कात्री लावायचा मोह आवरा. तुटलेली फीत जोडता येते, पण जोड हेडवरून जाताना हेड मोडू शकतं. जोडलेली कॅसेट उतरवून घेताना जोडाच्या आधी थांबायचं आणि पलीकडून पुन्हा सुरू करायचं.

९. रेकॉर्डिंगच होत नाही

लाल बटण दाबून काही होत नसेल तर क्रमाने बघा: कॅसेटचं कुलूप, फीत शेवटाला पोचली आहे का, स्विच ‘कॅमेरा’वर आहे का. रेकॉर्ड होतं पण प्ले केलं की मुंग्या, तर हेड.

एक दोष वेगळा आहे आणि तो ओळखता आला पाहिजे. जुनी कॅसेट स्वच्छ दिसते, पण कॅमेरा म्हणून चालू केला की पडदा काळा, किंवा जांभळट, आडव्या रेघांनी फाटलेला. हा दृश्य टिपणाऱ्या सीसीडी सेन्सरचा दोष. २००२ ते २००४ च्या सुमाराच्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत तो निघाला आणि २००५ मध्ये कंपन्यांनी तो जाहीरपणे मान्य करून मोफत दुरुस्ती देऊ केली. ती मुदत केव्हाच संपली. मात्र प्लेबॅकला सेन्सर लागत नाही. असा कॅमेरा स्वस्तात मिळाला आणि पाचवी-सहावी परीक्षा पास झाला, तर कॅसेट उतरवायला तो बिनधास्त घ्या.

१०. चित्र आहे पण आवाज नाही, किंवा टीव्हीवर काहीच नाही

३.५ मिमी पिनची लाल-पांढरी-पिवळी केबल सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. आतली जोडणी बदलते. पिवळीतून चित्र येईना तर लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये लावून बघा. मला असं लख्ख चित्र मिळालं, तेव्हा मी दुसरी केबल मागवायच्या बेतात होते.

आवाजासाठी मेनूत ‘हायफाय साउंड’ स्टिरिओवर आणि डिजिटल कॅमेऱ्यात ‘ऑडिओ मिक्स’ एसटी-१ कडे ठेवा. एसटी-२ कडे गेलेला काटा म्हणजे शांतता, आणि लोक स्पीकर बदलत बसतात.

११. कॅमेरा चालला की त्याच दिवशी उतरवून घ्या

नीट चालणारा जुना कॅमेरा किती दिवस चालेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून सगळ्यात मोलाची कॅसेट पहिली. आधी ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर मोकळे होतात.

मिनीडीव्ही आणि डिजिटल८ साठी फायरवायर, म्हणजे डिजिटल चित्र संगणकात नेणारी जोडणी, वापरा; सोनीवर त्याला आय-लिंक म्हणतात. त्याच कॅमेऱ्याला यूएसबीचं भोकही असतं, पण बहुतेक मॉडेलांत ते फोटोंसाठी किंवा हलक्या प्रतीच्या चित्रासाठी असतं. फायरवायरने जे टेपवर आहे ते जसंच्या तसं येतं, तासाला सुमारे १३ जीबी. डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड बसवून घ्या. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला फायरवायर असलेली स्वस्त केबल बाजारात दिसेल. तिने चित्र येत नाही, पैसे फुकट जातात. जोडताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. सहा पिनांच्या टोकात वीज असते, ते जोर लावून उलटं घुसवलं तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो.

व्हिडिओ८ आणि हाय-८ साठी यूएसबी कॅप्चरची डबी लागते, ती कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेते. कॅमेऱ्याला एस-व्हिडिओचं गोल सॉकेट असेल तर पिवळ्या पिनऐवजी ते वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात. याहून चांगला मार्ग म्हणजे जुन्या कॅसेटही वाचणारा डिजिटल८ कॅमेरा. तो हाय-८ चं चित्र आतच डिजिटल करून फायरवायरने देतो. मात्र सगळे डिजिटल८ कॅमेरे जुनं वाचत नाहीत, घेण्यापूर्वी माहितीपुस्तकात खात्री करा.

१२. बाहेर द्यायची वेळ आली तर

मी बुरशीच्या चारपैकी एक कॅसेट एका स्टुडिओत दिली होती. परत आली ती एक डीव्हीडी, त्यात एकोणचाळीस मिनिटं. कॅसेट नव्वदची होती. विचारल्यावर ‘पुढे कोरी आहे’ म्हणाले. बाकीच्या तीन दुसरीकडे दिल्या, आणि तीच कॅसेट तिथे पुन्हा लावली तेव्हा मध्ये दोन मिनिटांची रिकामी जागा निघाली आणि त्यानंतर आजी जात्यावर बसून ओवी म्हणताना सापडली. पहिल्याने कोरी जागा दिसताच मशीन थांबवलं होतं.

म्हणून देताना हे विचारा: कॅसेट शेवटपर्यंत चालवणार का? फाइल कुठल्या स्वरूपात देणार? डीव्हीडी नको, मूळ डीव्ही किंवा कमीत कमी दाबलेली फाइल हवी. बुरशी आधी साफ करता का, कशी? मूळ कॅसेट परत मिळेल ना? आणि प्रत्येक कॅसेटवर नंबर घालून, तिचा फोटो काढूनच द्या.

फाइल आल्या की दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. आमची दुसरी डिस्क कोल्हापूरला आत्याकडे आहे. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून लांब. मुंजीची चुरगळलेली कॅसेट मी तशीच ठेवली आहे, नंबर ७. फितीचा तो भाग कधीतरी कुणाला सपाट करता येईल.